मी न दिलेलं उत्तर

दिवाळी अंकात कथेच्या शेवटी लेखकाचा मोबाईल नंबर छापतात, ती पद्धत मला मनापासून आवडते. फराळाचे डबे रिकामे झाले की फोन सुरू होतात. कुठल्यातरी तालुक्याच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक ऐन दुपारी "बाई, वेळ आहे ना?" म्हणून सुरुवात करतात, कथेतल्या सासऱ्याची बाजू घेऊन माझ्याशी भांडतात आणि समाधानाने फोन ठेवतात. त्यामुळे मला माणसं नकोत, असं कुणी म्हटलं की राग येतो. मला नको असतं ते फेसबुक आणि इन्स्टाग्राम. सकाळी तिथे डोकावलं की दुपारी माझ्या पात्रांच्या तोंडी भलत्यांचीच वाक्यं येतात. शिवाय पुस्तक छापून झाल्यावर लेखकाने त्याच्या शेजारी उभं राहून खुलासे करत बसू नये, असं माझं मत आहे.

कादंबरी आली तेव्हा प्रकाशक म्हणाले, "मॅडम, तलावपाळीवर एक रील करू. मागे मासुंदा तलाव छान दिसतो. एक गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर." पाचशे प्रतींची आवृत्ती, त्यांची काळजी मला कळत होती. तरी मी नाही म्हटलं. "बरं, आम्ही बघतो काय ते," म्हणाले. विषय तिथेच मिटला, असं मी धरून चालले.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी ठाण्यातल्याच नौपाड्यातल्या एका वाचक गटाने दुपारच्या गप्पांना बोलावलं. कुणाच्या तरी घरचा हॉल, पंधरा-वीस बायका, कोथिंबीर वड्या. कार्यक्रम संपल्यावर डोंबिवलीहून आलेल्या एक काकू जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सुमन परत जात नाही, हे तुम्ही कळवलंत ना, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं."

सुमन म्हणजे माझी नायिका. शेवटच्या पानावर ती बॅग घेऊन ठाणे स्टेशनच्या पुलावर उभी आहे. कुठल्या प्लॅटफॉर्मवर उतरते, ते मी लिहिलेलं नाही. ते न लिहिण्यासाठीच तर ते पान पुन्हा पुन्हा खरडलं होतं.

"मी कळवलं?"

काकूंनी फोन पुढे केला. माझं नाव, माझा मलपृष्ठावरचा फोटो, आणि खाली: 'नमस्कार ताई, आपला अभिप्राय वाचून आनंद झाला. सुमन घरी परत जात नाही. ती सुटली असं समजा.' पुढे जोडलेले दोन हात.

माझ्या नावाचं ते फेसबुकचं पान मी वर सरकवत गेले. ही बाई माझ्यापेक्षा कितीतरी गोड होती. तिने सगळ्यांना गुढीपाडव्याच्या शुभेच्छा दिल्या होत्या, कुणाच्या नातीच्या बारशाला आशीर्वाद पाठवले होते. एका कवींशी माझं कित्येक वर्षं बोलणं नाही. त्यांच्या कवितेखाली तिने 'अप्रतिम, सर!' असं लिहिलं होतं. तिथे मात्र माझं डोकं फिरलं.

प्रकाशकांच्या ऑफिसकडे तडक चालत निघाले. वाटेत गडकरी रंगायतन लागलं. राम गणेश गडकरींनी कविता 'गोविंदाग्रज' म्हणून लिहिल्या, विनोद 'बाळकराम' म्हणून; पण तिन्ही नावांची लेखणी एकाच माणसाच्या हातात होती. माझं नाव एकच, आणि तेही दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये.

प्रकाशक गडबडले. "अहो, ऑफिसातल्या एका मुलाला बसवलंय तेवढ्यासाठी. चांगला मुलगा आहे." मुलगा कळव्याचा, कॉलेज करून संध्याकाळी इथे बिलं करणारा. त्याच्या टेबलावर माझ्या कादंबरीची प्रत होती, पानोपानी पेन्सिलच्या खुणा केलेली. इतक्या बारकाईने तर प्रूफंही कुणी वाचली नव्हती.

"शेवट कुणाला विचारून सांगितलास?" मी म्हटलं.

"पुस्तकातच आहे, मॅडम." त्याने पान काढलं. सुमन बॅग भरते तो प्रसंग. "इथे ती साड्यांच्या खाली रेशनकार्ड ठेवते. चार दिवसांसाठी माहेरी जाणारी बाई रेशनकार्ड कशाला नेईल? दुसरीकडे नवीन काढायचं तर आधी जुन्यातनं नाव कमी करावं लागतं." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या आईने नेलं होतं."

ते कार्ड मी केशरी रंगासाठी ठेवलं होतं. आजूबाजूच्या साड्या फिक्या, त्यात तेवढाच एक रंग. दुसरं काहीही माझ्या मनात नव्हतं. पण पुलावर सुमनच्या हातातली बॅग मला एकदम जड वाटायला लागली, आणि ओरडायला म्हणून आलेली मी समोरची खुर्ची ओढून बसले. त्याने चहा मागवला. आईबद्दल मी विचारलं नाही, त्यानेही पुढे काही सांगितलं नाही.

मग व्यवहाराचं बोललो. फेसबुकचं पान राहील, पण ते प्रकाशकांतर्फे चालवलं जातं हे वर स्पष्ट लिहायचं. 'मी' म्हणून कुणाला उत्तर द्यायचं नाही. नवीन पुस्तक, कार्यक्रम, किंमत एवढंच. शेवटाबद्दलची उत्तरं त्याने माझ्यासमोर काढून टाकली. तोंड पडलं होतं त्याचं. 'अप्रतिम, सर!' तेवढं राहू दिलं. काढलं असतं तर कवींनी कारण विचारलं असतं, आणि मग बोलावं लागलं असतं.

काकूंचा नंबर घेतलेला होता. रात्री फोन करून सगळं सांगितलं: ते मी लिहिलं नव्हतं, ऑफिसातल्या मुलाने लिहिलं होतं.

"मग खरं काय?" त्यांनी विचारलं.

"मी पुलापर्यंतच लिहिलंय, काकू. पुढचं मलाही माहीत नाही."

"हे काय बोलणं झालं?" काकू चिडल्याच. "तुमच्यापेक्षा तो मुलगा बरा, विचारलं की सांगतो तरी. मी आपली त्याचंच धरून चालणार."