कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी

जुनी चेनसॉ नीट चालेनाशी झाली की बहुतेकांचा हात आधी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो, आणि खरा बिघाड तिथूनच सुरू होतो. माझ्याकडची पेट्रोलवरची जुनी चेनसॉ सोलापूरजवळच्या शेताच्या बांधावरील बाभळी आणि वेड्या बाभळी छाटायला वर्षानुवर्षे वापरात आहे. पेट्रोल, हवा, ठिणगी आणि चेन तपासून झाल्याशिवाय तिच्या ट्यूनिंगला हात लावायचा नाही, हा क्रम मी मोडत नाही.

पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलविषयी कुरकुर करणे शोभत नाही खरे. परंतु ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या यंत्रातील रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील पातळ पडदे खराब करते, हे नाकारता येत नाही. त्यामुळे कॅनमध्ये महिनाभर पडून राहिलेले पेट्रोल-ऑइलचे मिश्रण मी वापरत नाही. चेतक आणि लूना चालवलेल्या पिढीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला शिकवावे लागत नाही, मात्र अंदाजपंचे ओतण्याची ती सवय इथे महागात पडते. चांगल्या प्रतीच्या टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाच्या) ऑइलचे प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असते. जुन्या यंत्राच्या पुस्तिकेत २५:१ सांगितले असेल तर लिटरला ४० मिलिलिटर.

एअर फिल्टर आधी का पाहायचा, याला कारण आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर जूनपर्यंत हवेत धूळच धूळ असते. फिल्टर चोंदला की हवा कमी पडते, हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि यंत्र धूर सोडत गुदमरू लागते. अशा वेळी स्क्रू आवळून पेट्रोल कमी केले, तर यंत्र त्या दिवसापुरते सुधारते. पण पुढे कोणी फिल्टर स्वच्छ केला की तेच मिश्रण धोकादायकरीत्या पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते, आणि पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही कमी पडल्यामुळे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरतो.

यंत्र पाच-दहा मिनिटे चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बंद झालेला असतो. आडवे-उभे धरल्यावर आयडलचा (ॲक्सिलरेटर न दाबता चालतानाचा) वेग बदलत असेल किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावरही वेग लवकर उतरत नसेल, तर मेकॅनिकच्या भाषेत यंत्र ‘एअर घेतंय’ असा संशय घ्यावा आणि सील व रबरी जोड तपासावेत, कारण ही गळती कोणत्याही स्क्रूने भरून निघत नाही. प्लगचे काम थोडक्यात उरकते: गॅप ०.५ मिलिमीटर, आणि टोकाचा रंग कॉफीसारखा तपकिरी असला म्हणजे झाले.

चेनला मात्र वेळ द्यावा लागतो. ‘पॉवर कमी झाली’ या तक्रारीमागे पुष्कळदा इंजिन नसतेच. बोथट चेन असते. वाळलेली बाभूळ मुळात कठीण, त्यात सालीच्या भेगांत माती बसलेली. धारदार चेन जाडसर कीस फेकते, बोथट चेन पिठासारखा भुसा. दात उन्हात धरून पाहिला की बोथट कडेवर बारीक चकचकीत रेघ दिसते, आणि गोल कानस ती रेघ नाहीशी होईपर्यंत चालवायची असते. ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांमधील अंतराच्या) चेनला ४.८ मिलिमीटरची आणि ३/८ इंचाच्या नेहमीच्या चेनला ५.२ मिलिमीटरची कानस लागते. कोन साधारण ३० अंशांचा ठेवावा, दाब फक्त पुढे ढकलताना द्यावा आणि परत आणताना कानस उचलून घ्यावी. एका बाजूचे दात दुसरीकडच्यांपेक्षा आखूड झाले तर काप वाकडा जातो. दातापुढचा उंचवटा धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. चेन जलद कापेल या आशेने तो आणखी घासला तर कठीण लाकडात यंत्र हिसके देऊ लागते. चेन ज्यावर फिरते त्या बारसाठी इंजिनातून काढलेले जळके ऑइल वापरण्याची पद्धत मला पटत नाही, कारण त्यातील धातूचे कण बार आणि ऑइलचा पंप दोन्ही झिजवतात.

आता कार्ब्युरेटर. एल (कमी वेगाचा), एच (पूर्ण वेगाचा) आणि आयडल असे तीन स्क्रू असतात, आणि इंजिन गरम झाल्यावरच त्यांना हात लावावा. ॲक्सिलरेटर दाबताच यंत्र अडखळत असेल तर एल स्क्रू किंचित उघडावा. आयडलवर चेन फिरता कामा नये. ती फिरत असेल तर यंत्र कामाला घेऊच नये. एच स्क्रूसाठी कान लागतो. लाकडाबाहेर पूर्ण वेगात आवाज किंचित घोगरा, तुटक हवा, आणि बार लाकडात घालताच तो एकसंध व्हायला हवा. लाकडाबाहेरही आवाज कर्कश आणि गुळगुळीत असेल, तर मिश्रण पातळ आहे असे समजून स्क्रू घड्याळाच्या उलट्या दिशेने थोडा उघडावा. ही परीक्षा काही सेकंदांतच आटोपावी.

सोलापुरात यात ऋतूचीही भर पडते. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो तेव्हा हवा विरळ असते, म्हणून त्या दिवसांत योग्य वाटलेला एच स्क्रू डिसेंबरच्या थंड, दाट हवेत पेट्रोल कमी देतो, आणि छाटणीचे मोठे काम नेमके हिवाळ्यातच निघते. म्हणून हिवाळ्यात यंत्र पहिल्यांदा बाहेर काढताना एच स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी उघडून, दोन-चार फांद्या कापून झाल्यावर प्लगचा रंग पाहतो. तो पांढुरका दिसला तर स्क्रू आणखी थोडा उघडतो आणि मगच बुंध्याला लागतो.