लागण नको, खोडवा धर

जूनचा पहिला आठवडा होता. पिकअपमध्ये २५० रोपं भरून मी सकाळी सातला गारगोटीतून निघालो. महोगनी, सिल्व्हर ओक आणि थोडा बांबू. संध्याकाळी त्यातलं एकही रोप न लावता गाडी परत आणली. तेव्हा रोपवाटिका चालवायला लागून मला ११ वर्षं झाली होती. त्या दिवसापासून कुणी रान लावायचंय म्हणून फोन केला, तर मी रोपांचा भाव सांगत नाही, आधी जागा बघायला येतो म्हणतो.

रान भुदरगडच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर, साडेचार एकर. मालक कोल्हापुरात राजारामपुरीत राहणारं कुटुंब. सातबाऱ्यावर नऊ नावं, सगळं सामाईक. तीस वर्षांत घरातलं कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. मध्ये एकदा तोडीचा ठेकेदार येऊन गेला, पण नऊ सह्या एका कागदावर कधी आल्याच नाहीत. भाऊबंदकीनं घरं मोडलेली मी पुष्कळ बघितलीत, हे रान मात्र तिच्यामुळंच वाचलं. आता धाकट्या पिढीतल्या दोघा भावांनी सगळ्यांना तयार करून वर्गणी काढली होती. रान साफ करायचं, चांगली झाडं लावायची, मे महिन्यात पोराबाळांना घेऊन जाता येईल असं करायचं. मी फोनवर क्षेत्र विचारलं, रोपांचा हिशेब केला आणि तारीख ठरवली. जागा बघितली नाही. माझी पद्धतच तशी होती आणि त्याचं मला आज वाईट वाटतं, कारण अशा कित्येक रानांत माझी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेली.

दोन वळीव पडून माती ओली झालेली. बांधावरून आत बघितलं तर डोक्याइतकी रानमोडी, तिच्यातून वर आलेली वाकडीतिकडी झाडं, एक उंच वठलेलं खोड. रानमोडी मूळची अमेरिकेतली, पण आपल्या लोकांनी नाव अगदी नेमकं ठेवलंय. खाली ऊन पोचू देत नाही, गुरं तिला तोंड लावत नाहीत, हिवाळ्यात फुलून म्हातारीसारखं बी वाऱ्यावर सोडते आणि उन्हाळ्यात वाळली की वणव्याला आयतं जळण. धाकटा भाऊ म्हणाला, "जेसीबी सांगितलाय. दहापर्यंत येईल. सगळं सपाट करून घेऊ, मग खड्डे मारू." मला ते सोयीचंच वाटलं.

त्यांच्याबरोबर त्यांची आत्ती आली होती. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दुखणारे, गाडीतच बसून राहील असं सगळ्यांनी धरलं होतं. ती उतरली, पदर खोचला आणि काठीनं रानमोडी बाजूला सारत आत शिरली. पडेल या भीतीनं मी मागोमाग गेलो. वीसेक पावलांवर ती थांबली. पायाशी परातीएवढं जुनं बुडखं, मधोमध कुजलेलं, आणि त्याच्या कडेनं मनगटाएवढे, दंडाएवढे सात-आठ फुटवे वर गेलेले.

"ह्यो तरव्याचा ऐन," ती म्हणाली. "आबा दरसाल हेच्या फांद्या उतरायचं, तरवा भाजाय."

तरवा म्हणजे भात-नाचणीची रोपं तयार करायची जागा. डहाळ्या, पालापाचोळा, शेण पसरून ती आधी भाजून घ्यायची. आत्ती पुढं निघाली आणि एकेक झाड सांगत गेली. ही किंजळ. हे जांभूळ, आमच्या झोक्याचं. हितं हिरडा, बाळहिरडं गोळा करून बाजाराला न्यायचो. ती काठी दाखवेल तिथली रानमोडी मी वाकवायचो आणि तिथं खरंच बुडखं असायचं, फुटलेलं, जिवंत.

मग तिनं विचारलं, "गाडीत काय आणलंयस?"

"रोपं. लागण करायची."

"अरं पोरा, बुडखी फुटल्यात. ह्यो खोडवा हाय. एवढा खोडवा हुबा असताना नवी लागण कोण करतंय?"

उसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला याहून जास्त समजावायला लागत नाही. ऊस तुटला तरी बुडखं जमिनीत जिवंत राहतं, त्याच्यावरच पुढचं पीक फुटतं. तोच खोडवा, म्हणून त्याला बेणं लागत नाही. ऐन, किंजळ, जांभूळ यांचंही तसंच. माझ्या पिशवीतल्या रोपाला वीतभर मूळ, आणि इथं आबांच्या काळातली मुळं जांभ्याच्या फटीफटीत उतरलेली.

मी खाली बसून रानमोडी उपटायला लागलो. ओल्या मातीतून ती मुळासकट येत होती. खाली तांबूस पानांची जांभळाची पिल्लं. करवंदीच्या जाळीत हात घातला तर आत चार जांभळं आणि एक अंजनी. काट्यांमुळं गुरांचं तोंड तिथं पोचत नाही, म्हणून रान आपली पोरं करवंदीच्या पोटात वाढवतं. जवळच्या सपाट दगडावर उदमांजराची विष्ठा होती, जांभळाच्या बियांनी भरलेली. इथं लागण करणारं रात्रीचं कुणीतरी येतच होतं.

बांधावर येऊन मी भावांना म्हणालो, "रोपं नकोत. जेसीबी परत पाठवा."

धाकटा चिडला. त्याचंही खरं होतं. "नऊ घरांकडनं पैसं घेतल्यात. आता तेस्नी काय दाखवू?"

"बुडखी दाखव," आत्ती म्हणाली.

जेसीबी आलाच, त्याचं अर्धं भाडं देऊन तो बांधावरूनच वळवला. गावातल्या चार बायका कामाला होत्या. त्यांच्याबरोबर आम्ही दुपारपर्यंत रानमोडी काढली, पण फक्त बुडख्यांच्या आणि पिल्लांच्या भोवतीची, हात पोचेल तेवढी. एकदम सगळं उघडं केलं की भसकन ऊन येतं आणि रानमोडीच दुप्पट जोरानं उठते. फुटव्यांचंही असंच, सात-आठ असले तरी एका दमात एकावर आणायचे नाहीत. जमिनीलगत फुटलेले, सरळ, जोमदार दोन-तीन ठेवायचे. कुजक्या बुडख्यावर उंच फुटलेला पुढं वाऱ्यानं मोडतो. आणि कोयता लावण्याआधी वनखात्यात विचारायचं. आपल्या मालकीचं रान असलं तरी १९६४ च्या कायद्यानं ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

वठलेलं खोड पाडू दिलं नाही. त्याच्या ढोलीतून कुटुर्गा पक्षी डोकावत होता. कंपाउंडच्या तारेचा विषय निघाला तो जुन्या पाणवठ्याशी. तिथल्या चिखलात गव्याचे खूर उमटले होते. दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं, पण जनावराला हद्द कोण सांगणार? तार नको म्हटलं, तेवढ्या पैशात दरवर्षी जानेवारीत चारी बाजूंनी जाळरेषा काढा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाचोळा नसलेला मोकळा पट्टा. एका वणव्यात ही सगळी पिल्लं जातील.

दुपारी झोक्याच्या जांभळाखाली भाकरी सोडली. धाकटा भाऊ अजून गप्पच होता. जेवून उठला आणि कुणी न सांगता खुरपं घेऊन पाणवठ्याकडं गेला.

पुढची तीन वर्षं मी दर पावसाळ्याआधी जात राहिलो. रोपं लागली ती एकाच ठिकाणी, खालच्या उघड्या तुकड्यावर, आणि तीही याच रानातल्या बियांची. दुसऱ्या वर्षी पलीकडचा डोंगर जळला, आग जाळरेषेपर्यंत येऊन विझली. तो फोन धाकट्यानं रात्री अकराला केला होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं.

गेल्या मे अखेरीस त्यांनी मला बोलावलं, काम काही नव्हतं. बावीस माणसं, सतरंज्या, पोरांच्या जिभा जांभळ्या झालेल्या. आत्तीला आता चालवत नाही. तिला भाच्यांनी खुर्चीसकट उचलून तरव्याच्या ऐनाजवळ नेऊन ठेवलं होतं. त्याचे दोन फुटवे राखलेत, दोन्ही माझ्या मांडीएवढे झालेत. तिनं दोन्हींवरून हात फिरवला आणि विचारलं, यातला कुठला ठेवणार.

मी म्हटलं, "अजून दोन वर्षं दोन्ही राहू देत. मग बघू."

"मग तवर मला आणत जावा," ती म्हणाली.