धावण्याला सुट्टी, दिवस बारावा

रविवार, 4 जानेवारी 2026
चरई, ठाणे

साडेचारला जाग आली. गजर लावलाच नव्हता. 23 डिसेंबरला डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हापासून धावणं बंद आहे. तीन आठवडे धक्के नकोत, डोळ्यात घाम जायला नको, खाली वाकायचं नाही. चाललात तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच्याच कोटीवर हसले. मला चालणं म्हणजे बिनसाखरेचा चहा. पण घरात तरी काय करणार? आमचे हे सातशिवाय उठत नाहीत, आणि त्याआधी स्वयंपाकघरात भांडं वाजलं तर सगळ्या घराची झोप मोडते.

काळा चष्मा लावून तलावपाळीला गेले. पहाटे पाचला काळा चष्मा! जांभळी नाक्यावर फुलांच्या पाट्या उतरवत होते, त्यातल्या एकाने वाट करून दिली आणि म्हणाला, "सांभाळून आजी, डावीकडून या." मला दिसत नाही असं वाटलं त्याला. मीही त्याचं मन मोडलं नाही, डावीकडून गेले.

खरं तर मला सध्या जरा जास्तच दिसतंय. उजवा डोळा मिटून पाहिलं तर तलावाभोवतीचे दिवे पांढरेशुभ्र, डावा मिटून पाहिलं तर तेच दिवे पिवळट. म्हणजे गेली काही वर्षं मी सगळं ठाणं तुपातून बघत होते. कौपिनेश्वराची घंटा वाजली, रंगायतनच्या बाजूने पोरापोरींचा एक घोळका पळत आला आणि माझ्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखा पुढे निघून गेला. अंगाला वारा लागला. पिंडऱ्या आपोआप ताठ झाल्या. शपथ सांगते, रडू येईल असं वाटलं. मग डोळ्यात पाणी आलेलं चालतं का, हे विचारायचं राहिलंय याची आठवण झाली आणि आवरलं.

बारा दिवस बसून राहिल्यामुळे जे सुचतंय ते लिहून ठेवते. रोज धावत असताना धावण्याबद्दल मी कधी काही लिहिलं नाही. रोजनिशीत नुसतं "8 फेऱ्या, दमट" किंवा "येऊर, उजवी टाच". मीठ आणायचं राहिलं की मीठ आठवतं, तसं झालंय.

ऑपरेशनच्या आधीची गंमत. तपासणीला ईसीजी काढला. काढणारी मुलगी विशीतली. कागद बघून म्हणाली, "आजी, चक्कर येते का? कधी बेशुद्ध पडलात?" नाडी 51. तिने वायरी काढून पुन्हा चिकटवल्या. पुन्हा 51. मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेली. ते आले, माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "किती वर्षं पळताय?" मग त्यांनी तिला समजावलं, की हृदय हा शेवटी स्नायूच. वर्षानुवर्षं काम दिलं की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग बसल्या जागी ठोके कमी लागतात. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, गल्लीतल्या जुन्या रिक्षात विमानाचं इंजिन सापडावं तसं.

चाळीस वर्षं लोक मला एकच वाक्य ऐकवत आलेत, "गुडघे जातील." पोस्टमन, नणंद, भाजीवाली, ऑफिसातले कुळकर्णीसाहेबांच्या खुर्चीत आलेले एकापाठोपाठ एक साहेब. गुडघे काही गेले नाहीत. माझ्या बरोबरीच्या, आयुष्यात कधी न पळालेल्या दोघी-तिघींचे मात्र बदलून झाले. यावरून मी काही सिद्ध करत नाही. भाच्याने मागे एकदा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अभ्यास वाचून दाखवला होता. 1984 मध्ये त्यांनी पन्नाशीपुढचे 538 धावणारे आणि 423 न धावणारे घेतले आणि वीसेक वर्षं दर वर्षी प्रश्न विचारत राहिले. खुर्चीतून उठता येतं का, कपडे स्वतः घालता येतात का, असे साधे प्रश्न. धावणाऱ्यांचं शरीर कुरकुरायला लागलं ते इतरांपेक्षा सोळा वर्षं उशिरा. 19 वर्षांनी पाहिलं तर न धावणाऱ्यांतले 34 टक्के गेलेले, धावणाऱ्यांतले 15 टक्के. मी भाच्याला म्हटलं, अरे, जे मुळात धडधाकट असतात तेच पळत असतील की. तो म्हणाला, तेही त्यांनी जमेल तितकं वजा करून पाहिलंय. असेल. मला त्यातला खुर्चीतून उठण्याचा प्रश्न तेवढा आवडला. कोणीतरी नेमकं विचारलं.

हाडांचं मात्र धावण्याने अर्धंच काम केलं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये खुबा चांगला निघाला. पण 2019 च्या पावसाळ्यात उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर ठेचकाळले, हात टेकला आणि मनगट मोडलं. ज्या हाडावर भार पडतो तेच घट्ट होतं, असं तेव्हा कळलं. मी काही हातांवर पळत नव्हते.

*

दुपारी पडल्या पडल्या सासूबाई आठवल्या. आज त्यांच्याबद्दल लिहायचंच.

शाळेत मी 400 आणि 800 मीटर पळायचे. त्याच्या पुढे पळू का असं विचारलं की आमचे पीटीचे सर म्हणत, मुलींना झेपत नाही. सरांना दोष देत नाही. जगच तसं होतं. 1928 च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची 800 मीटर शर्यत ठेवली, धापा टाकणाऱ्या बायका बघून लोक हादरले आणि ती शर्यत 1960 पर्यंत बंदच करून टाकली. पुरुष शर्यत संपल्यावर जणू पान खायला जातात! 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं 400 मीटर हर्डल्सचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. आमच्याकडे आठवडाभर तीच हळहळ. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. त्याच ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदा मॅरेथॉन पळू दिलं, ही बातमी मला त्या हळहळीत कोणी सांगितली नाही. ती मॅरेथॉन जिंकणाऱ्या जोन बेनॉइटचं नाव मी ऐकलं ते आणखी वीस वर्षांनी.

1988 मध्ये लग्न होऊन या घरात आले. नऊ माणसं, एक मोरी, एक संडास. धावणं सुटलंच होतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात एका पहाटे दुधाच्या केंद्रावर जायला निघाले आणि रस्ता रिकामा पाहून पाय आपोआप पळायला लागले. साडी, चपला, हातात पिशवी. कोपऱ्यावर सासूबाई उभ्या. देवळातून येत होत्या. मी थिजले.

त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला हलवून उठवलं आणि हळूच म्हणाल्या, "तू तलावाला जाऊन ये. दुधाच्या रांगेत मी उभी राहते. पंजाबी ड्रेस घाल हो, साडीत पडशील."

असं आमचं सुरू झालं. त्या केंद्रावर रांगेत, मी तलावाभोवती. पाऊण तासाने मी केंद्रापाशी यायचे, त्या दुधाची पिशवी माझ्या हातात द्यायच्या आणि देवळाकडे वळायच्या. मी पिशवी घेऊन घरात. सासरे ओसरीवर पेपर वाचत असायचे. सून दूध घेऊन आली, एवढंच त्यांना दिसायचं. घामाबद्दल कधी विचारलंच तर, "रांग फार होती." सात वर्षं हे चाललं. सासरे गेले त्या वर्षी कळलं की त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. त्यांनी यांना सांगितलं होतं म्हणे, "तुझी आई आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतेय, बोलू दे."

हसू येतं, पण एक गोष्ट तेव्हा मला सुचलीच नाही, ती आता टोचते. त्या पाऊण तास उभ्या असायच्या. पायांत शिरा फुगलेल्या. आणि माझ्या त्या पाऊण तासात कोणाचा डबा नव्हता, कोणाची औषधं नव्हती, कोणी "अगं" म्हणून हाक मारत नव्हतं. नाडी, खुबा, गुडघे हे सगळं नंतर आलं, ते व्याज. मुद्दल म्हणजे तो पाऊण तास आणि तो त्यांनी दिलेला होता. एकदा विचारलं होतं मी, "आई, तुम्ही का करता एवढं?" तर म्हणाल्या, "मला रांगेत बरं वाटतं. चार बायका भेटतात. घरात कोण बोलतंय?" म्हणजे त्यांचीही सुटका होती ती. का मला बरं वाटावं म्हणून बोलल्या, ते काही कळायला मार्ग नाही. 2009 ला गेल्या.

दुधाच्या केंद्राच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

*

रात्री साडेनऊ. डोळ्यात थेंब घातले, झोप येत नाही.

त्यांच्यानंतर दीड वर्षाने, 2011 च्या जानेवारीत मी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पळले. 42.195 किलोमीटर. त्याबद्दल सगळेच विचारतात, पण मला त्यातला पेडर रोडचा चढ आणि कोणीतरी हातात दिलेली संत्र्याची फोड एवढंच आठवतं. लक्षात राहिलाय तो त्याआधीच्या डिसेंबरातला एक रविवार.

मोठं अंतर पळण्याचा सराव करायचा होता. आमचे हे म्हणाले, "देशातली पहिली प्रवासी आगगाडी 1853 मध्ये बोरीबंदरहून निघाली ती आपल्या ठाण्याला आली. 34 किलोमीटर. तूही ये." थट्टेत म्हणाले. मी पहाटेच्या लोकलने व्हीटीला गेले आणि घराकडे पळत सुटले.

ज्या वाटेने बावीस वर्षं बायकांच्या डब्यात उभी राहून, कोपर खात, मटार सोलत गेले-आले, ती वाट पायाखालून जात होती. क्रॉफर्ड मार्केट, भायखळा, लालबाग. परळला उजाडलं. दादरला फुलबाजाराचा वास, सायनला पहिला कंटाळा. कुर्ल्याला लालबहादूर शास्त्री मार्गाला लागले आणि मग घाटकोपर, विक्रोळी, भांडुप. गाडीत ही नावं म्हणजे "पुढे सरका", "उतरायचंय का" एवढंच असतं. त्या दिवशी कळलं की विक्रोळी ते भांडुप हे खरोखरचं अंतर आहे, त्यात झाडं आहेत, कारखान्यांच्या भिंती आहेत, एक चढही आहे. कांजूरला रुळांच्या बाजूने एक फास्ट लोकल धडधडत गेली. दारातल्या बायकांना मी दिसणं शक्य नव्हतं, तरी हात केला.

मुलुंड चेकनाक्याला जकातीसाठी ट्रकांची रांग. एक सरदारजी केबिनमधून ओरडला, "बहेनजी, कहाँ से?" मी म्हटलं, "व्हीटी से." त्याने दोन्ही हात जोडले. चार तास वीस मिनिटांनी चरईत शिरले तेव्हा हे गॅलरीत घड्याळ घेऊन उभे. म्हणाले, "स्लो लोकल आहेस तू." आणि आत जाऊन अंघोळीला पाणी काढून ठेवलं.

या माणसाने धावण्याचं माझं कौतुक असं कधी केलं नाही. पण चाळीशीत थायरॉइडने कंबरडं मोडलं, तेव्हा पंधरा दिवस रोज पहाटे सायकल घेऊन माझ्या मागे मागे आले होते. हेही लिहून ठेवते, नाहीतर राहून जायचं.

*

सोमवार, 5 जानेवारी

सुनेला काल सगळं सांगितलं. रांग, पिशवी, सासरे. भारावून जाऊन म्हटलं, "तुलाही सकाळी बाहेर पडायचं असेल, पळायला, योगाला, कशालाही, तर सांग. ओवीचं मी बघेन."

ती जरा थांबली. म्हणाली, "आई, खरं सांगू? मला नाही पळायचं. तुम्ही ओवीला बसवर सोडणार असाल तर मला तो एक तास झोपायचंय."

मला इतकं हसू आलं की हे विचारायला आले, काय झालं.

आज सकाळी ओवीला उठवलं, दूध दिलं, वेणी घातली. दोघी शाळेच्या बसपर्यंत चालत गेलो. म्हणजे मी चालत. ती सबंध वाट पळत होती, कोपऱ्यावर थांबून मागे बघत होती आणि मी जवळ आले की पुन्हा पळत होती. बसमध्ये चढताना म्हणाली, "आजी, तू फार हळू आहेस."

अजून आठ दिवस.