तवंदी घाट आणि खालचा होज

काकांचा जुना टेम्पो, टाटा ४०७, म्हणजे आमची गाडी कोल्हापूरहून माल भरून निपाणीपर्यंत गुमान येते, पण तवंदी घाट चढायला लागली की टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडं पळतो. रेडिएटर खालच्या टाकीच्या सांध्यातून ठिबकत होताच, टाके मारून मारून झाले, जाळी पण निम्मी क्षारानं बुजलेली (बोअरचं पाणी ओतलं की दुसरं काय होणार), त्यामुळं तो बदलायचा यावर वाद नव्हता. वाद होता होजवर, म्हणजे रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या वरच्या-खालच्या रबरी पाइपांवर. काका म्हणाले, "कुठं चीर हाय बघ की, उगं खर्च कशाला."

वरचा होज खराब झाला तर फुगतो, लगेच दिसतो. खालचा मात्र पाण्याच्या पंपाच्या ओढीनं आत बसतो आणि तेही रेस वाढली की मगच, म्हणजे गॅरेजात उभ्या गाडीला बघितलं तर सगळं ठीकच दिसणार. मेस्त्रींनी इंजिन गरम होऊ दिलं, रेस दिली आणि काकांना वाकून बघायला लावलं. पाइप मधोमध चपटा, रेस सोडली की परत गोल. काका उठले आणि म्हणाले, "दोन्ही आणा." नंतर पाइप कापला तर आतली स्प्रिंग गंजून तुकडे झालेली.

रेडिएटर आम्ही परत तांब्या-पितळेचाच घेतला. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण त्याची प्लास्टिकची टाकी फुटली की टाका मारता येत नाही, आणि आमच्याकडं टाका मारणारे अजून आहेत. खालचे रबर बुश पण नवीन घातले, नाहीतर खड्ड्यांचे सगळे हादरे सांध्यावर.

जुना होज तोंडाला (ज्या नळीवर तो चढवतात तिला) चिकटून बसला तर पान्यानं, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, तोंड वाकतं. ब्लेडनं लांबीत चिरा आणि सोला. पंपाच्या तोंडावर पांढरा थर होता, तो पॉलिश पेपरनं घासून काढला. नवीन होज चढवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, तेलकट लागलं की रबर फुगतं. क्लिप आधीच पाइपात घालून ठेवायची आणि तोंडाला जी उभार कडा असते तिच्या मागं बसवायची, कडेवर नाही, आणि स्क्रूचं डोकं हात जाईल अशा बाजूला, कारण क्लिप परत आवळावी लागतेच.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं, हळूहळू ओतलं. गाडीचं तोंड चढाकडं करून, टोपण उघडं ठेवूनच थंड इंजिन चालू केलं, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप) उघडून वरचा होज गरम लागेपर्यंत बुडबुडे येत राहिले, तेवढं परत भरलं. "तो थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील" असं सांगणारा एक जण गॅरेजात भेटतोच, ऐकू नका, इंजिन नीट गरमच होत नाही आणि डिझेल जास्त खातं.

रेडिएटरचं टोपण पण नवीन घेतलं. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, इथं उघडं पाणी ९७-९८ डिग्रीलाच उकळतं, टोपणाचं रबर गेलं की आत दाब राहत नाही मग उकळायला कितीसा वेळ.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर क्लिपा थोड्या आवळल्या. परवा काका भरल्या गाडीनं तवंदी चढून आले, काटा मध्यावर. आता म्हणतात फॅन बेल्ट ओरडतोय, बघ की.