पाळकाला सांगावं की नाही

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, निवृत्त होणार हे वर्षभर आधीच ठाऊक होतं, त्यामुळे पुढचा पाळक कसा असावा याची चर्चा नेरूळच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, चहाच्या टेबलापासून लोकलच्या डब्यापर्यंत चालू होती. पाळक आम्ही निवडत नाही. बाप्टिस्ट किंवा स्वतंत्र मंडळ्यांमध्ये सभासद मत देऊन पाळकाला बोलावतात. मेथडिस्टांच्या नेमणुका वार्षिक परिषदेत बिशप वाचून दाखवतात. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे, म्हणजे सीएनआयचे, आणि आमच्याकडेही नेमणूक बिशपांच्या हाती असते. पण मंडळीची गरज काय आहे हे मंडळीचा कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी पत्र लिहून कळवू शकते. मी कमिटीची सेक्रेटरी, म्हणून ते पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. एरवी असं पत्र चार-पाच जण बसून लिहितात. मला ते सगळ्या मंडळीला विचारून लिहायचं होतं.

मंडळीतले बहुतेक लोक मूळचे नगर, जालना, संभाजीनगरकडचे. आजोबा-पणजोबा भायखळ्याच्या, परळच्या चाळींत आले, आणि पुढे सिडकोची घरं मिळाली तसे खाडी ओलांडून इकडे स्थिरावले. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ मध्ये नगरला गेलं. जालन्याकडे स्कॉटिश मिशनचं काम होतं. काही घराणी अँग्लिकन. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं, त्याला आता अर्धशतक उलटून गेलं आहे. तरी ‘तो आपल्या मिशनमधला का?’ हा प्रश्न आमच्याकडे अजून ऐकू येतो. त्या प्रश्नाआड पुष्कळदा जात लपलेली असते, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांच्या तोंडी तो ऐकला की मला फार वाईट वाटतं.

मंडळीची बैठक घ्यायची ठरवली आणि तिच्या आधीच्या रविवारी मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव न घालता लिहा म्हटलं. लोकांनी मनापासून लिहिलं. संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, वीस मिनिटांत आटपणारा हवा. पवित्र शास्त्र खोलवर शिकवणारा हवा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर घेणारा हवा. गिटार येणारा हवा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलणारा हवा. घरी भेटीला येणारा हवा, आणि ही मागणी सर्वांत जास्त लोकांची होती. आमची माणसं घणसोलीपासून उलव्यापर्यंत विखुरलेली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये लोकल थेट उरणपर्यंत गेली आणि काही घरं त्याच्याही पुढे सरकली. तेव्हा गाडी चालवता येणारा पाळक हवा, हेही रास्तच. एका चिठ्ठीवर ‘बाई पाळक चालतील का?’ एवढंच होतं. सीएनआयमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, मग न चालायला काय झालं, असं मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

‘पाळकीणबाई’, म्हणजे पाळकाची बायको, ‘नोकरी न करणाऱ्या असाव्यात’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्याही निघाल्या. याचा मला राग आला. महिला मंडळ चालवायचं, संडे स्कूल घ्यायचं, आल्यागेल्याला चहा करायचा आणि पगार मात्र कुणी द्यायचा नाही! पाळकाच्या मानधनात आज नवी मुंबईत दोन मुलांचं शिक्षण कसं होतं हे तरी आधी बघावं.

खरी बैठक पुढच्या रविवारी उपासनेनंतर झाली. शाळेत तीस वर्षं पालकसभा घेतल्या असल्याने एक माहीत होतं, की ‘काय हवं’ असं विचारलं की लोक यादी देतात आणि प्रसंग विचारला की बोलतात. म्हणून मी दोनच गोष्टी विचारल्या. पाळक तुमच्या उपयोगी पडले असा एक प्रसंग सांगा. आणि पाळकाकडे जावंसं वाटत असूनही तुम्ही गेला नाहीत, असा एक.

पहिल्यावर भराभर हात वर झाले. कुणाच्या वडिलांच्या शेवटच्या रात्री पाळक दवाखान्यात बसून होते, कुणाच्या घरच्या मयताला दफनासाठी जागा मिळेना तेव्हा ते दिवसभर कचेऱ्यांमधून फिरले. नवी मुंबईत ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्यावर कुणीच बोलेना. मीही घाई केली नाही. मग मागच्या रांगेतली एक ताई उभी राहिली. पुढचं तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा काढून लिहिते आहे. “बाई, मला सभेत बोलायची सवय नाही,” ती म्हणाली. “आम्ही आधी दुसऱ्या मंडळीत होतो. लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दवाखाने चालू होते. सासरी माहीत नव्हतं, की दोष माझ्यात नाही. मी पाळकसाहेबांना एकटीनं जाऊन सांगितलं, रडले. त्यांनी प्रार्थना केली. पुढच्या रविवारी मंडळीच्या प्रार्थनेत माझं नाव घेऊन सगळं देवासमोर ठेवलं. देवासमोर म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर, नणंदेसमोर, अख्ख्या चर्चसमोर. त्यांच्या मनात वाईट नव्हतं हो. पण त्यानंतर मी कुठल्याच पाळकाला काही सांगितलेलं नाही. संदेश कसा का असेना, आपलं बोलणं ज्याच्याजवळ राहील असा पाळक आणा.”

ती बसली आणि मग एकेक जण उठत गेला. त्या दिवशी जे जे कानावर आलं ते इथे लिहिणार नाही, वहीतही लिहिलं नाही. एवढंच सांगते, की दारू, कर्ज, मोडलेली लग्नं, मुलांची दुखणी यांतलं काहीच या मंडळीत नवं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पाळकाकडे मात्र त्यातलं फार थोडं पोचलं होतं. लोक पाळकाला चहाला बोलावत होते आणि चांगल्या कपबश्या काढून हवापाण्याचं बोलत होते. आमचा समाज लहान, दोन घरं सोडून तिसऱ्याशी नातं निघतं. अशा ठिकाणी तोंडातून निसटलेलं वाक्य दुपारपर्यंत नगरला पोचतं.

आमच्यातले एक ज्येष्ठ काका कळकळीने म्हणाले, “पण मंडळीला सांगितलंच नाही तर मंडळी प्रार्थना करणार कशी? याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा असंच म्हटलंय ना?” काकांच्या पत्नी आजारी होत्या तेव्हा मंडळीने साखळी धरून रात्रंदिवस प्रार्थना केली होती, त्या बळावर आपण तरलो असं ते मानतात, आणि ते मी स्वतः पाहिलेलं आहे. त्यांना उत्तर दिलं ते त्या ताईनेच. “काका, तुम्ही स्वतः सांगितलं होतंत. माझं मला कुणी विचारलं नाही.”

मग आमच्यातल्या वकीलबाईंनी कायद्याची बाजू सांगितली आणि ती पुष्कळांना नवी होती. कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनात, म्हणजे माणूस फादरजवळ आपली पापं कबूल करतो तेव्हा, ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, सांगितलं तर बहिष्कृत होतात. आपल्याकडे तसं सक्तीचं पापनिवेदन नाही, त्यामुळे मौन राखणं हे पाळकाच्या स्वभावावर राहतं. भारतीय पुराव्याच्या कायद्यात नवरा-बायकोमधल्या आणि वकील-अशिलामधल्या बोलण्याला संरक्षण आहे, पाळकाजवळ बोललेल्याला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते आलेलं नाही. आणि एक गोष्ट कुठल्याही पाळकाने पोटात ठेवायची नाही, ती म्हणजे लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. “गुप्तता ही दुबळ्याला जपण्यासाठी आहे, त्याला छळणाऱ्यासाठी नाही,” वकीलबाई म्हणाल्या. हे वाक्य मी तसंच्या तसं पत्रात घेतलं.

सर्वांत शेवटी बोलला तो तरुण संघातला एक मुलगा. त्याचे वडील गावाकडे पाळक होते. तो म्हणाला, की पाळकगृहात काय शिजलं, आईने किती वेळा नवी साडी नेसली, माझे गुण किती, हे मंडळीला आमच्याआधी कळायचं. वडिलांना मधुमेह झाला तर त्यांनी वर्षभर लपवला. पाळकाने तुमचं पोटात ठेवावं, पण पाळकाचं कोण ठेवणार? यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि असायला हवं होतं.

बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाची लक्षणं दिली आहेत. नव्या पाळकाची चर्चा निघाली की तो अध्याय हमखास वाचला जातो: मद्यपी नसावा, लोभी नसावा, पाहुणचार करणारा असावा, शिकवण्यात निपुण असावा. पण खाली आठव्या ओवीत सेवक दुतोंडी नसावेत असं आहे आणि अकराव्या ओवीत स्त्रियांनी चहाडी करू नये असं. त्या दोन ओव्या आम्ही वर्षानुवर्षं भरभर वाचून पुढे जात आलो. त्या रात्री पत्र लिहिताना मी तिथूनच सुरुवात केली.

पत्रात संगीत, तरुण, भेटी, दोन भाषा हे सगळं आलं, पण एका परिच्छेदात. बाकीचं पत्र या एका मागणीवर आहे: आम्हाला ऐकून घेणारा आणि ऐकलेलं जपणारा पाळक द्या, आणि पास्टोरल कौन्सेलिंगचं, म्हणजे पाळकाने करायच्या समुपदेशनाचं, शिक्षण घेतलेलं कुणी असेल तर आधी त्यांचा विचार व्हावा. कोणत्या मिशनमधला, कोणत्या जिल्ह्यातला, हे आम्ही लिहिलं नाही. त्यावरून कमिटीत बरीच वादावादी झाली आणि दोन सभासदांनी सही केली नाही. शेवटी आम्ही आमच्याकडून काय देणार तेही लिहिलं: पाळकीणबाईंच्या नोकरीबद्दल विचारणा होणार नाही, आठवड्यातला एक पूर्ण दिवस पाळकगृहाचा राहील, मयत सोडून त्या दिवशी दाराची बेल वाजणार नाही.

नेमणूक अजून व्हायची आहे. तोवर दर रविवारी प्रार्थनेच्या विनंत्यांच्या चिठ्ठ्या मीच गोळा करते. त्यांच्यावर आता दोन चौकोन छापले आहेत, ‘मंडळीत वाचावी’ आणि ‘फक्त पाळकांसाठी’. दुसऱ्यावर खूण असलेली चिठ्ठी लिहिणाऱ्याने स्वतः पाकिटात घालून चिकटवायची. ती पाकिटं मी तशीच उपासना घ्यायला येणाऱ्या पाळकांच्या हाती देते. आधीपेक्षा चिठ्ठ्या वाढल्या आहेत.