पेटीवरची चिठ्ठी : आमच्या हॅचरीची वाटचाल

लग्नाआधी मी पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होते. तिथं ग्रेपनेट होतं, म्हणजे युरोपला जाणाऱ्या पेटीवर नंबर, आणि त्या नंबरावरून द्राक्षं कुठल्या गावच्या कुठल्या प्लॉटची, रेसिड्यूचा म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाचा रिपोर्ट काय आला, सगळं निघायचं. हे आधी सांगतेय कारण कोंबडीच्या धंद्यात आमचं जे काही बरं झालं ते त्या द्राक्षाच्या पेटीमुळं झालं.

२०११ ला हॅचरी सुरू केली. मिस्टर आधी एका कंपनीत सुपरवायझर होते, शेतकऱ्यांच्या शेडवर फिरायचे, त्यांना वाटायचं पिल्लं विकणारा कमावतो आणि बाकीचे सगळे राबतात (आता विचारा त्यांना). दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढं सासऱ्यांची जागा होती, तिथं पंधरा हजार अंड्यांचा एक जुना सेटर (अंडी उबवायची मशीन), एक हॅचर (पिल्लं बाहेर पडतात ती मशीन) आणि सेकंडहँड जनरेटर. हॅचिंगची अंडी बाहेरच्या ब्रीडर फार्मवरून, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या-कोंबडे पाळणाऱ्याकडून, घ्यायची, २१ दिवसांनी पिल्लं काढायची आणि शेतकऱ्याच्या शेडवर नेऊन टाकायची. पहिले १८ दिवस सेटर, तासातासाला ट्रे या बाजूचा त्या बाजूला कलतो, मग शेवटचे तीन दिवस हॅचर, तिथं कलवायचं नाही. ऐकायला सोपं आहे.

पहिली दोन वर्षं रेकॉर्ड म्हणजे एक वही. इतकी अंडी भरली, इतकी पिल्लं निघाली, इतकी विकली, उधारी इतकी. उधारीचं पान सगळ्यात नीट लिहिलेलं असायचं.

मग २०१३ च्या थंडीत निफाडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. दोन हजार पिल्लं नेली होती, चार दिवसात दीडशे मेली, म्हणे ताई तुमची पिल्लं बारीक-मोठी आहेत, मी पैसे देणार नाही. मिस्टर म्हणाले तुमचं ब्रूडिंग (पिल्लांना ऊब देणं) चुकलं, निफाडला रात्री पारा ५ अंशांच्या खाली जातो, पडदे नीट सोडले नसतील, पिल्लाला पहिल्या दिवशी ३२-३३ अंश पाहिजे. तो म्हणाला या आणि बघा. गेलो. पडदे नीट होते, खाली अंथरलेलं तूस नीट, बल्ब चालू, पिल्लांना गूळपाणीसुद्धा दिलेलं. आणि पिल्लं खरंच बारीक-मोठी होती. कुठल्या ब्रीडर फार्मची, कधी भरलेली, कुठल्या ट्रेमधली, आम्हाला काही म्हणजे काही सांगता येईना. अर्धे पैसे सोडले आणि गप परत आलो. गाडीत मी म्हटलं द्राक्षाची पेटी बोलते आणि आपली पेटी मुकी आहे.

पुढच्या हॅचपासून, म्हणजे पिल्लांच्या पुढच्या बॅचपासून, प्रत्येक पेटीवर चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली. ब्रीडरच्या कळपाचा नंबर, कळपाचं वय किती आठवडे, अंडं किती दिवस साठवलेलं, सेटरला भरल्याची तारीख, पेटी भरल्याची वेळ. पोरं हसायची, पिल्लाची जन्मपत्रिका म्हणायची. पण पाच-सहा हॅचमध्ये चोर सापडला. आम्ही दोन कळपांची अंडी मिसळत होतो. नवीन कळप, २६-२८ आठवड्यांच्या कोंबड्या, अंडं ५४ ग्रॅमचं, आणि जुन्या कळपाचं ६६ ग्रॅमचं. पिल्लू साधारण अंड्याच्या वजनाच्या दोन-तृतीयांश भरतं, म्हणजे एक ३६ ग्रॅमचं आणि एक ४४ चं, आणि दोघं एकाच ड्रिंकरवर. बारक्याला धक्के खाऊन पाणीच मिळत नाही, तो पहिल्या आठवड्यातच जातो. तेव्हापासून दोन कळप एका शेडला टाकत नाही. अंडी कमी पडली तर शेतकऱ्याला दीड हजार पिल्लं देतो पण एका कळपाची देतो, यावरून दोनचार गिऱ्हाईकं गेली, जाऊ दे.

साठवणीचा कॉलम पण कामाला आला. अंडं आठवडाभरापेक्षा जुनं झालं की पिल्लं कमी निघतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण जुनं अंडं उशिरापण फुटतं, साठवणीच्या दर दिवसाला साधारण एक तास धरा. आम्ही ताजी आणि जुनी एकाच वेळी भरायचो आणि मग हॅच काढताना निम्मी पिल्लं ओली. आता जुनी आधी भरतो, ताजी नंतर.

दर हॅचला न फुटलेली अंडी फोडून बघायचं काम माझं, वासाबद्दल बोलायला नको. पण धंद्यातलं खरं शिक्षण तिथंच झालं. दिव्यावर धरल्यावर जे अंडं पारदर्शक दिसतं ते फळलेलंच नाही की पहिल्या दोन-तीन दिवसात मेलं हे दिव्यावर कळत नाही, फोडल्यावरच कळतं. फळलेलं नसेल तर ब्रीडरवाल्याकडचा प्रॉब्लेम, कोंबडे बघा म्हणायचं. लवकर मेलेलं असेल तर साठवण नाहीतर वाहतूक, तिथं आपला पण हात असू शकतो. आणि शेवटच्या दिवसात, कवचाला चोच मारून मेलं असेल, तर आपलीच मशीन, दुसऱ्याकडं बोट दाखवायचं नाही. एका पुरवठादाराशी माझी यावरून जोरात वाजली होती. तो म्हणाला तुमच्या मशीनमध्ये दोष आहे. मी फोडलेल्या अंड्यांचे फोटो आणि आमचा रजिस्टर पाठवला, त्याच आठवड्याच्या त्याच सेटरमधली दुसऱ्या फार्मची अंडी नीट फुटलेली. पुढच्या बिलात त्याने गुपचूप सूट दिली.

वेळेचा मुद्दा मात्र सगळ्यात उशिरा कळला, आणि तो कसाऱ्याने शिकवला. शहापूरकडं गाडी चालली होती, जुलैचा पाऊस, घाटात ट्रॅफिक जाम, सात तास गाडी हलली नाही. ड्रायव्हर बिचारा पेट्यांची झाकणं वरखाली करत बसला. मिस्टर म्हणाले घाबरू नको, पोटात पिवळं बलक असतं, पिल्लू दोन दिवस बिनखाण्याचं काढतं. बरोबर आहे, पण दोन दिवस कधीपासून? सगळी पिल्लं एकदम फुटत नाहीत. पहिलं आणि शेवटचं यात २४ तासांच्या वर अंतर पडू शकतं, आपण हॅच काढतो तोवर पहिल्या पिल्लाचा एक दिवस हॅचरमध्येच गेलेला असतो. म्हणजे त्याचं घड्याळ पेटीच्या आधीच सुरू झालं. त्या लॉटची मर चांगलीच जास्त होती. तेव्हापासून चिठ्ठीवर शेवटची रिकामी जागा असते, शेडवर पिल्लं उतरवली ती वेळ, ती ड्रायव्हर लिहितो आणि शेतकरी सही करतो. लांबची गाडी आता पहाटे तीनला निघते, ड्रायव्हर शिव्या देतो, मला ऐकू जात नाही असं त्याला वाटतं.

२०२० चा मार्च सगळ्यांनाच आठवत असेल. कोंबडीनं कोरोना होतो म्हणून व्हॉट्सॲपवर काहीही फिरायला लागलं आणि भाव कोसळला, शेतकरी म्हणाले पिल्लं नको. आमच्या मशीनमध्ये तीन आठवड्यांची अंडी, वेगवेगळ्या दिवसांची. अंड्याला थांब म्हणता येत नाही. त्या दिवसांबद्दल जास्त लिहावंसं वाटत नाही, पिल्लं फुकट द्यायला निघालो तर घ्यायला माणूस नव्हता, एवढंच. पण मे महिन्यात भाव उसळला, कारण मार्च-एप्रिलमध्ये कोणी पिल्लंच टाकली नव्हती, विकायला पक्षीच नव्हता! ज्यांनी एप्रिलमध्ये हिंमत करून बॅच टाकली त्यांनी कमावलं. आम्ही टाकली नव्हती.

तेव्हा भाच्याने दाखवलं की अमेरिकेत सरकारचं शेती खातं दर बुधवारी रिपोर्ट काढतं, १९ राज्यांत त्या आठवड्यात ब्रॉयलरची किती अंडी मशीनला भरली आणि किती पिल्लं शेडवर टाकली. अंडी आठवड्याला २० कोटींच्या वर. म्हणजे दोन महिन्यांनी बाजारात किती कोंबडी येणार हे तिथल्या माणसाला आजच दिसतं. आपल्याकडं कोणी किती पिल्लं टाकली हे तूस विकणाऱ्याला विचारायचं. खरं सांगते, मी अजूनही घोटीच्या राईस मिलवाल्याला फोन करते, तुसाला मागणी वाढली की समजायचं सगळे शेड भरतायत, आपण जरा कमी भरू.

तर तेव्हापासून आम्ही तारखा उलट्या मोजायला लागलो. विक्रीचा दिवस धरायचा, पक्षी ३८-४० दिवसांत दोन किलोच्या आसपास येतो तेवढं मागं, मग अंड्याचे २१ दिवस मागं. एकूण दोन महिने. आपल्याकडं वर्षातला मोठा दिवस गटारी, त्याच्यानंतर श्रावणात धंदा झोपतो, मग गणपती, नवरात्र. म्हणजे गटारीला पक्षी पाहिजे आणि पुढच्या आठवड्यात नको.

आणि इथं मी माती खाल्ली. २०२३ ला कॅलेंडरात श्रावण १७ ऑगस्टला सुरू बघितला, १६ ला गटारी धरली, भाच्याने बनवून दिलेल्या एक्सेलमध्ये तारीख टाकली, एक्सेलने अगदी बिनचूक उलटं मोजून दिलं. जूनच्या दहा-बारा तारखेला सासूबाई माळ्यावरून अनारशाची परात काढत होत्या, म्हटलं आई आत्तापासून? त्या म्हणाल्या अगं यंदा धोंड्याचा महिना नाही का, श्रावणच अधिक आलाय, १८ जुलैपासून, जावयाला वाण द्यायचंय. माझ्या पोटात गोळा. म्हणजे आषाढी अमावास्या १७ जुलैला, ती पण सोमवारी, म्हणजे खरी गटारी रविवारी १६ ला. त्याच्यासाठी पिल्लं ६ जूनला शेडवर आणि अंडी १६ मेला मशीनमध्ये पाहिजे होती. मे मध्ये मी मशीन निम्मी रिकामी ठेवली होती, लाईटबिल वाचवते म्हणून वर कौतुक पण करून घेतलं होतं.

जुलैत लोक रांगा लावत होते आणि आमच्या शेतकऱ्यांकडं पक्षी दीड किलोचासुद्धा नव्हता. आणि ऑगस्टसाठी भरलेला माल निघाला तेव्हा निम्मी घरं अधिक पण पाळत होती, निम्मी नाही, भाव कुठं टिकतोय. शेतकरी मला काही बोलले नाहीत, पण एकाने फोनवर विचारलं, ताई पुढच्या वेळी पंचांग पाठवू का?

आता चार सेटर आहेत, आठवड्याला दोन हॅच. एक्सेल भाचा बघतो, पण त्याच्या वर भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्यात तारखांना गोल सासूबाई करतात, पेन्सिलीने. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, त्यामुळं श्रावण पुढं सरकतो आणि गटारी १२ ऑगस्टला, बुधवार, वार चांगला आहे. लिफ्टिंग, म्हणजे शेडवरून पक्षी उचलणं, १० ला धरलं तर पिल्लं ३ जुलैला आणि अंडी १२ जूनला. त्या दिवशी शुक्रवार आहे, अंड्यांची गाडी गुरुवारी संध्याकाळीच मागवलीय, जनरेटरचं सर्व्हिसिंग त्याच्या आधी.