आमची वाटचाल : भोसरी ते न्हावा शेवा, आणि पुढे

आमचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत आहे. हायड्रॉलिक फिटिंग, ॲडॅप्टर, बुश असा सगळा टर्निंगचा, म्हणजे लेथवरचा, माल. सुरुवात आसपासच्या मोठ्या कारखान्यांच्या जॉबवर्कने झाली. आता बराचसा माल जर्मनीला आणि अमेरिकेला जातो. एवढ्या लांबून तिकडच्या पार्टीला परवडतं कसं, हा प्रश्न नेहमी येतो.

बोटी वेगवान झाल्या म्हणून परवडतं, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. २००८ च्या मंदीनंतर इंधनाचा खर्च वाचवायला कंपन्या कंटेनरच्या बोटी मुद्दाम हळू चालवू लागल्या. पैसा आणि वेळ वाचतो तो माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. पूर्वी पेटी टेम्पोतून वखारीत, वखारीतून गोदीत, गोदीतून बोटीच्या पोटात जायची आणि दर टप्प्याला हमाली, फूटतूट, चोरी. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकन वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅकलीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या बोटीवरून ५८ खोकी, म्हणजे कंटेनर, न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेली. पुढे खोक्यांची मापं जगभर एक झाली आणि हा खर्च कोसळला. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि भोसरीतून सकाळी निघालेला ट्रक दुपारी बंदराच्या दारात उभा राहू लागला. अर्थात घाट मोकळा असेल तर. गणपतीत आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत अवजड वाहनं अडवतात, तेव्हा बंदराच्या कटऑफच्या, म्हणजे माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या, दोन दिवस आधीच माल काढावा.

मालाच्या आधी ड्रॉइंग प्रवास करतं. पूर्वी ते कुरिअरने यायचं, मग फॅक्सने, आणि फॅक्सवर ३ चा ८ दिसायचा. आता स्टेप फाइल, म्हणजे जॉबचं कॉम्प्युटरवरचं थ्री-डी मॉडेल, येते आणि कोटेशन त्याच दिवशी जातं. तरी स्टेप फाइलवर काम सुरू करू नये. त्यात आकार असतो, पण टॉलरन्स (मापात चालणारा फरक), थ्रेडचा (आट्यांचा) क्लास आणि फिनिश बहुतेक वेळा नसतं. ते पीडीएफमध्ये असतं. दोन्हींचा रिव्हिजन नंबर जुळल्याशिवाय प्रोग्रॅम मशिनवर चढवायचा नाही. दुसरा खड्डा प्रोजेक्शनचा, म्हणजे जॉबची बाजू कागदावर कुठल्या अंगाला काढायची त्या पद्धतीचा. जर्मन ड्रॉइंग आपल्यासारखं फर्स्ट अँगल, अमेरिकन थर्ड अँगल. टायटल ब्लॉकमधलं शंकूचं चिन्ह न बघता काम केलं तर आडव्या बाजूचं भोक विरुद्ध बाजूला पडतं. मापं सगळी बरोबर, आणि लॉट भंगारात.

मापाचं तापमान २० अंश धरलेलं असतं. मशिनवरून नुकता उतरलेला जॉब ३५ अंशांवर असेल, तर १०० मिलिमीटर स्टील साधारण १७ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढलेलं असतं. त्या मापाच्या भोकाला एच ७ या प्रमाणित दर्जाची पूर्ण टॉलरन्स ३५ मायक्रॉन. म्हणजे निम्मी टॉलरन्स नुसती उष्णता खाते. गरम असताना ‘ओके’ झालेलं भोक थंड झाल्यावर लहान भरतं. त्यामुळे जॉब सीएमएमच्या (मापं घेणाऱ्या यंत्राच्या) एसी खोलीत निवायला ठेवायचा, मग मोजायचा.

निर्यातीत माल वाया जातो तो नुसत्या मशिनिंगच्या चुकांनी नव्हे, गंजानेही. जुलैत इथली दमट हवा खोक्यात कोंडली जाते. बोट थंड पाण्यात शिरली की खोक्याचं छत गार पडतं आणि त्यावरचं पाणी खाली मालावर ठिबकतं. आमचा क्रम असा : धुलाईनंतर गरम हवेने वाळवणं, ब्लाइंड (आरपार नसलेल्या) भोकांत एअर गन, मग रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल, तेल निथळू देणं, आणि व्हीसीआय पिशवी, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणारी प्लास्टिकची पिशवी. धुलाईनंतर उघड्या हाताने जॉबला शिवायचं नाही. घामातल्या मिठाने ग्राउंड पृष्ठभागावर बोटांचे तपकिरी ठसे उठतात आणि तिकडच्या इन्स्पेक्टरला ते आधी दिसतात. जॉब गरम असताना पिशवी बंद केली तर आतच दव धरतं. व्हीसीआय पिशवीत साधा पुठ्ठाही घालू नये, तो ओल धरून बसतो.

लाकडी पॅलेट आयएसपीएम १५ प्रमाणे हवं. लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून असलेला हा आंतरराष्ट्रीय नियम. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं आणि वर गव्हाच्या ओंबीचा शिक्का. शिक्का नसेल तर माल चांगला असूनही बंदरात अडकतो. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून लहान लॉटसाठी आम्ही प्लायवूडच्याच पेट्या करतो. युरो पॅलेट ८०० बाय १२०० मिलिमीटर. २० फुटी कंटेनरमध्ये अशी ११ बसतात.

भाड्याचा हिशोब नव्या माणसाला चकवतो. सुट्या मालाला, म्हणजे एलसीएलला, एक घनमीटर किंवा एक टन, यातलं जे जास्त भरेल त्यावर भाडं. विमानाला सेंटिमीटरमधलं घनफळ भागिले ६०००. आमचं पॅलेट ६० सेंटिमीटर उंच, ७०० किलोचं. विमानाच्या हिशोबाने घनफळाचे फक्त ९६ किलो होतात, म्हणून खऱ्या वजनाचेच पैसे. तेवढ्याच आकारात ६० किलो प्लास्टिक असेल तर त्याला ९६ किलोचं भाडं. म्हणून सॅम्पल विमानाने, लॉट बोटीने. लॉट उशिरा झाला आणि विमानाने पाठवावा लागला, की त्या ऑर्डरचा नफा तिथेच संपला.

कागद आता ऑनलाइन आहेत : आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक), बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येतात तिचा कोड), जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), शिपिंग बिल कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर. अडतं ते बारीक फरकाने. पॅकिंग लिस्टवरचं वजन पेटीवरच्या वजनाशी जुळलं नाही, की सीएचएचा, म्हणजे कस्टम एजंटचा, फोन आलाच. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन दिल्याशिवाय तो बोटीवर चढत नाही. आणि भाव ‘एफओबी न्हावा शेवा’ असा देण्याची सवय मोडलेली बरी. आपण माल सीएफएसला, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर भरण्याच्या यार्डाला, सोपवतो, पण एफओबीत बोटीवर चढेपर्यंत जोखीम आपलीच राहते. कंटेनरच्या मालाला एफसीए बरं, त्यात ठरल्या जागी माल वाहतूकदाराला सोपवला की जोखीम संपते.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बहुतेक बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. ज्यांनी मोजून-मापून तेल लावलं होतं त्यांच्या मालाला गंज चढला. तेव्हापासून आम्ही लांबच्या मार्गाचे दिवस धरूनच तेलाचा ग्रेड निवडतो, आणि नेहमीच्या पार्टीला एका लॉटचा साठा तिकडच्या गोदामात ठेवायला सुचवतो. भाडं थोडं पडतं, पण त्यांची लाइन बंद पडण्याचा दंड त्याहून कितीतरी मोठा.

अलीकडे कोटेशनसोबत युरोपातून कार्बनचे आकडेही मागतात. सीबीएएमचा, म्हणजे आयात मालावरच्या युरोपीय कार्बन शुल्काचा, अहवालाचा टप्पा ऑक्टोबर २०२३ पासून होता, खरी आकारणी २०२६ पासून. नटबोल्टसारखा माल त्यात येतो. आमच्या फिटिंगचं उत्तर एचएस कोडवर, म्हणजे कस्टमच्या माल-वर्गीकरण क्रमांकावर, ठरतं. म्हणून बार खरेदी करतानाच ३.१ सर्टिफिकेट (पोलादाच्या तपासणीचा दाखला) आणि हीट नंबरसोबत (पोलाद वितळवलेल्या खेपेच्या क्रमांकासोबत) पोलाद कारखान्याकडून ते आकडे मागून घ्यावेत. बार कापून त्याचे तुकडे वेगवेगळ्या ट्रेमध्ये गेल्यावर कुठला तुकडा कुठल्या हीटचा, हे कोणी सांगू शकत नाही.